तिसऱ्या रांगेतली खुर्ची

एकदा एका महाविद्यालयात विनोदी चित्रपटांचा सप्ताह भरला. भरवला होता एकट्या विश्रामने. हा विद्यार्थी परगावाहून येऊन वसतिगृहात राहिलेला. वर्ष उलटले, तरी 'चल, चहाला येतोस का?' असे त्याला कोणी विचारले नव्हते. एकत्र हसली की माणसे ओळखीची होतात, असा त्याचा भाबडा समज. हेही साधले नाही, तर शिक्षण सोडून घरी परतायचे, असे त्याने पक्के केले होते. बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

मदतीला होते तर्कशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना सारे बापूसर म्हणत.

पहिल्या दिवशी तीनशे खुर्च्यांच्या सभागृहात चाळीस जण आले. सभागृह रिकामे दिसले की आपली माणसे कशी बसतात, ते सांगायला नकोच. एक या टोकाला, दुसरा त्या, शेजारच्या खुर्चीवर बॅग. पडद्यावर एक स्थूल गृहस्थ शिडीवरून तीनदा पडला, पण खाली कोणी हूं की चूं केले नाही. दुसऱ्या दिवशीही तीच गत. प्रोजेक्टरच्या खोलीतल्या झरोक्यातून विश्राम हे पाहत होता. त्याला रडू कोसळायचेच बाकी होते.

"सर, माझे चित्रपटच चुकले. बदलू या."

"चित्रपट राहू देत. खुर्च्या उचल," बापूसर म्हणाले.

सकाळभर गुरुशिष्यांनी खुर्च्या वाहिल्या. पंचेचाळीस तेवढ्या ठेवल्या, बाकीच्या व्हरांड्यात गेल्या. शिष्य मनात चरफडत होता. म्हाताऱ्याने तर आवराआवरच सुरू केली!

दुपारी मुले आली आणि कुरकुरत खेटून बसली. त्या दिवशीचा चित्रपट साऱ्यांत सुमार होता. तरी एक मुलगी फिस्सकन हसली, तिच्या शेजारचा हसला, आणि बघता बघता सारे सभागृह खदखदू लागले.

"हे कसं झालं, सर?"

"अरे, हसू सगळ्यांनाच येत असतं. पण एकटा बसलेला माणूस आधी विचार करतो, हसावं की नको. शेजाऱ्याचा खांदा हलला, की तो विचार गळून पडतो. तुझे चित्रपट वाईट नव्हते. माणसं लांब बसली होती."

विश्रामने मान डोलावली. त्यानंतर रोज खालून हसण्याचा गलका वर यायचा आणि हा झरोक्यापाशी एकटाच असायचा. भरलेली बॅग तशीच होती.

शेवटच्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत, आणि व्हरांड्यातल्या आत आणायला सर तयार नव्हते. मुले भिंतीला टेकून उभी राहिली. तरीही तिसऱ्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बापूसरांनी आपली छत्री आडवी ठेवली होती. विश्राम वैतागून खाली आला.

"सर, पोरं उभी आहेत. ही कोणासाठी अडवलीत?"

"सगळ्यांना जवळ आणलंस. तुझीच खुर्ची तेवढी वर राहिली. बस इथे. यंत्र मी पाहतो."

तो अवघडून बसला. थोड्या वेळाने शेजारच्या मुलाने हसता हसता त्याच्या मांडीवर थाप मारली, ओळख ना पाळख. वर्षभरात त्याला कोणी स्पर्श केला नव्हता. विश्राम इतका हसला, की त्याला डोळे पुसावे लागले.

डोळे पुसताना नजर मागे गेली. झरोक्यात बापूसरांचा चेहरा होता. साऱ्या सभागृहात ते एकटेच हसत नव्हते. त्यांची पत्नी जाऊन तीन वर्षे झाली होती. हे सर्वांना ठाऊक होते, आणि त्यांच्या घरी कोणी जात नव्हते.

मध्यंतरात विश्राम शेजाऱ्याला म्हणाला, "जरा एक खुर्ची धरशील?"

दोघे दोन खुर्च्या घेऊन जिना चढू लागले. शेजाऱ्याने विचारले, "तू राहतोस कुठे?"

"वसतिगृहात. खोली चौदा."

"अरे, मी सतरामध्ये! वर्षभर होतास कुठे?"

बॅग आजच रिकामी करायची, हे विश्रामने जिन्यातच ठरवले.

"इथे कशाला रे? खाली बसा ना," बापूसर म्हणाले.

"सर, थोडं सरका."

त्या अरुंद खोलीत तिघे खांद्याला खांदा लावून बसले. चित्रपट पुन्हा सुरू झाला. काही वेळाने खालच्या मुलांनी माना वळवून वर पाहिले. झरोक्यातून एक खरखरीत, म्हातारे हसू ऐकू येत होते.