पाणी न शिंपडलेली पुस्तकं

फार वर्षांपूर्वी, कारवंडीचा ओढा भर उन्हाळ्यातही वाहत असे, तेव्हाची ही गोष्ट. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही, तलवार तर नाहीच. एक कपाट आहे, एक शिंपीण आहे आणि तांब्याभर पाणी आहे. पण त्या तांब्याभर पाण्यावरून गावात जे झालं, ते कारवंडीत अजून कुणी विसरलेलं नाही.

त्या काळी गावात तात्यासाहेब इनामदार नावाचे गृहस्थ होते. पुस्तकांचा त्यांना भारी नाद. त्यांनी शहरातून बैलगाडी भरून पुस्तकं आणली, चावडीशेजारच्या खोलीत भिंतीला लावून सागवानी कपाट उभं केलं आणि दारावर पाटी ठोकली, 'सार्वजनिक वाचनालय, कारवंडी'. पंचक्रोशीत दुसरं वाचनालय नव्हतं. पाटीखालून जाताना गावकरी जरा छाती काढूनच जात.

पुस्तकं आली म्हणजे ती फाटणारही. म्हणून तात्यासाहेबांनी ठकूबाई शिंपिणीला बोलावलं. ठकूबाई लहानपणीच विधवा झालेली. वडिलांनी तिला सुईत दोरा ओवायच्या आधी अक्षरं शिकवली होती, असं म्हणतात. मेण लावलेल्या दोऱ्यानं ती सुटी पानं अशी शिवायची की ते पुस्तक पुन्हा फाटायचं नाव घेत नसे. हळूहळू झाडलोट तिची, किल्ली तिची, आणि कुणाला कुठलं पुस्तक द्यायचं ते ठरवणंही तिचंच झालं. बाप्ये माणसं आधी बाईच्या हातून पुस्तक घ्यायला बिचकली, मग त्यांना सवय झाली. तोंडानं ती फटकळ होती. पान दुमडून पुस्तक परत आणणाऱ्याला ती सगळ्यांसमोर विचारायची, "तुमचा कान आसाच दुमडून ठिवू का?"

दिवेलागणीला तात्यासाहेब मोठ्यानं वाचून दाखवत. आवाज खणखणीत. आत जाजमावर गावकरी बसत, आणि मागच्या खिडकीखाली, बाहेर, गटाराच्या कडेला वेशीबाहेरच्या वस्तीतली माणसं बसत. गावाला त्यांचा स्पर्श चालत नसे, सावलीही चालत नसे. तात्यासाहेबांच्या आवाजाला मात्र सोवळं पाळता येत नव्हतं, तो खिडकीतून बाहेर जाई. त्या माणसांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नव्हतं, कारण ती तिथे आहेत हे आतल्या कुणाला ठाऊकच नव्हतं. ठकूबाईला ठाऊक होतं. ती खिडकी तेवढी उघडी ठेवायची.

एकदा एका तारवाची गोष्ट चालली होती. समुद्र खवळला, डोलकाठी मोडली, तारू फुटलं आणि नाखवा एका फळीला धरून लाटांवर लोंबकळत राहिला. तात्यासाहेब श्वास घ्यायला थांबले, तेवढ्यात खिडकीखालून आवाज आला, "अगं आई गं! सोडू नगं रं फळी!"

ती धुरपदा होती, वस्तीतली मोळीविकी. तिला राहवलं नाही. आत सगळे दचकून उठले. पुस्तक मिटलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता खिडकीला खिळे ठोकले गेले.

त्याच सकाळी ठकूबाई पायरी झाडत होती. धुरपदा डोक्यावर मोळी घेऊन रस्त्याच्या पलीकडे, लांब उभी राहिली.

"बाई, येक इचारू?"

"इचार की."

"त्यो नाखवा वाचला का वो? रातभर डोळ्याला डोळा न्हाई माज्या."

ठकूबाईला गोष्ट ठाऊक होती. सांगायला तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सांगून टाकणं सोपं होतं. पण पुस्तक आत कपाटात आणि त्यातली गोष्ट हवी असणारी बाई रस्त्यापलीकडे, हे तिला एकदम सहन होईना. खिडकी उघडी ठेवून आपण फार मोठं पुण्य करतो आहोत असं ती समजत होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती आत गेली, पुस्तक आणलं आणि पुढे केलं. धुरपदा मागे सरली.

"मला वाचाया येत न्हाई, बाई. आन् मी हात लावला तर गाव तुमास्नी खाईल."

"मग मीच येते," ठकूबाई म्हणाली.

आणि भर दिवसा, पुस्तक छातीशी धरून, ठकूबाई वेशीबाहेर गेली. तिनं निंबाखाली बसून उरलेली गोष्ट वाचली. नाखवा वाचला, वस्तीनं सुटकेचा निःश्वास सोडला, आणि कुणीतरी लगेच विचारलं की असं आणखी एखादं आहे का. होतं की, कपाटभर होतं. मग ठकूबाई रोज जाऊ लागली. चुलीतली राख पसरून तिनं बायकांना अक्षरं गिरवायला शिकवलं. पुस्तकं वस्तीत मुक्कामाला राहू लागली. धुरपदानं पहिली ओळ स्वतःच्या तोंडानं वाचली, त्या दिवशी वस्तीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली, असं म्हणतात.

आता यावर गाव गप्प बसेल तर ते गाव कसलं! ठकूबाईकडे शिवायला येणाऱ्या चोळ्या बंद झाल्या. शेजारणी विस्तव देईनात. तिच्याच भावकीनं तिला पंगतीतून उठवलं. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते तिनं अंगावर सोसलं. घरी येऊन ती रडलीही असेल, पण सकाळी पायरी झाडायला ती हजर असे.

तात्यासाहेबांनी तिला बोलावून घेतलं. "ठकू, वाचनालय गावाचं आहे."

"पाटीवर सार्वजनिक लिवलंय, तात्यासाहेब. तुमीच लिवलंय. मी तेवढं वाचलं."

तात्यासाहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायलाच हवं. पुस्तकांवर त्यांचा जीव होता. पण गावाला दुखवायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. मग पंचांनी डोकं लढवलं आणि तोडगा काढला. पुस्तकं वस्तीत जाऊ देत, पण परत आली की कपाटात ठेवण्याआधी प्रत्येकावर तुळशीपत्रानं पाणी शिंपडायचं. पंच स्वतःवर फार खूश झाले. एवढं मोठं मन कुठल्या गावचं असेल? लोक ठकूबाईला म्हणाले, "घे पदरात पाडून. दगडापेक्षा वीट मऊ."

ठकूबाईला वाटलं, पुस्तक मिळतंय ना, मग असू दे. मुकाट्यानं तिनं ते मान्य केलं. पायरीशेजारी पाण्याचा तांब्या आला. पुस्तकं येत, त्यांच्यावर पाणी पडे, आणि पंचांचा माणूस ती तशीच ओली कपाटात कोंबून दार लावून घेई. ठकूबाई उन्हात वाळवू म्हणाली तर तो म्हणे, विटाळ उन्हात कशाला मांडायचा?

आणि एके दिवशी धुरपदा स्वतः पुस्तक परत द्यायला आली. हात धुऊन, पुस्तक धुतल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं. तिनं ते पायरीवर ठेवलं, लांब सरली, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या पुस्तकावर पाणी पडलं. धुरपदानं फक्त आपले हात पदराखाली घेतले.

ते हात पदराखाली जाताना ठकूबाईनं पाहिलं, आणि तिचा निश्चय तिथेच झाला. तिनं कपाट उघडलं, जी पुस्तकं कोरडी होती ती टोपलीत भरली, आणि टोपली डोक्यावर घेऊन वस्तीची वाट धरली. जाताना ती पंचांना म्हणाली, "ज्या दिवशी ह्यो तांब्या हितनं हलंल, त्या दिवशी पुस्तकं येतील. तंवर न्हाई."

गावात आग भडकावी तसं झालं. किल्ली काढून घेतली गेली, वाचनालयाला कुलूप लागलं, आणि पंचांनी दवंडी पिटवली की दसऱ्यापर्यंत पुस्तकं परत आली नाहीत तर ठकूबाईनं गाव सोडायचं. तिला ना माहेर उरलं होतं ना सासर. कारवंडीबाहेर तिला ओळखणारा माणूस नव्हता. पावसाळा सरत आला तशी धुरपदाच तिला विनवू लागली.

"देऊन टाका वो बाई पुस्तकं. पान्यानं काय हुतंय? आमाला सवय हाय."

"मला न्हाई ती सवय करायची," ठकूबाई म्हणाली, "आन् तुजीबी मोडायचीय."

दसरा उजाडला. कारवंडीची रीत अशी, की त्या दिवशी नांगर-कोयत्यांबरोबर पुस्तकांचीही पूजा व्हायची. चौरंग मांडला, रांगोळी घातली, झेंडूची तोरणं बांधली. पंच, गावकरी, बायकामुलं सगळी जमली. तात्यासाहेबांनी कुलूप काढलं, कपाटाचं दार ओढलं, आणि दार त्यांच्या हातातच आलं.

वाळवी! ओल्या पुस्तकांच्या वासानं ती भिंतीतून आली होती. पावसाळाभर बंद दाराआड तिनं पानं खाल्ली, पुठ्ठे खाल्ले, सागवानी फळ्यासुद्धा खाल्ल्या. कपाटाच्या जागी पुरुषभर उंचीचं मातीचं वारूळ उभं होतं, आणि त्याला कान लावला तर आतून कुणीतरी पुटपुटत वाचत असल्यासारखं ऐकू येत होतं, असं म्हणतात. चौरंगावर ठेवायला एक पान शिल्लक नव्हतं. तात्यासाहेब मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

ठकूबाई गर्दीच्या मागे उभी होती. कपड्यांचं गाठोडं बांधूनच आली होती. पंचांनी तिच्याकडे पाहिलं, आणि गाव सोड म्हणायला आलेल्या तोंडांतून भलतंच निघालं.

"ठकूबाई, पूजेपुरतं एक पुस्तक तरी आण."

एक पुस्तक आणलं असतं तर ती गावात राहिली असती, मानानं राहिली असती. तिला ते कळत होतं. तिनं गाठोडं खाली ठेवलं.

"येक न्हाई. आणली तर सगळी, न्हाईतर येकबी न्हाई. ज्यांनी सांबाळली तीच मान्सं घेऊन येतील. समोरच्या दारानं येतील आन् जाजमावर बसतील. पानी शिंपडायचं आसंल तर आत्ताच सांगा, म्हंजी मी माझं गाठोडं उचलते."

मग तात्यासाहेब उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाकडे न बघता काही केलं. पायरीजवळचा तांब्या उचलला आणि पाणी झेंडूच्या रोपाला घालून टाकलं. अर्धं गाव तणतणत घरी गेलं. अर्धं थांबलं. थांबलेल्यांतही निम्मे नुसती गंमत बघायला थांबले होते, पण थांबले हे खरं.

आणि वेशीतून रांग आली. पुढे धुरपदा, डोक्यावर खणात बांधलेलं पुस्तक. तिच्यामागे बायका, म्हातारे, तरणी पोरं, प्रत्येकाच्या डोक्यावर पुस्तक. एकाही पुस्तकाला कसर लागलेली नव्हती. टोपलीभर पुस्तकं गेली होती, पण परत आली ती खोलीत मावेनात, असं म्हणतात. पुस्तकं कशी वाढली ते विचारू नका. कुणी म्हणतं वस्तीनं रात्रंदिवस बसून नकला केल्या, कुणी म्हणतं वाचली की पुस्तकं वाढतातच.

उंबऱ्याशी मात्र धुरपदाचा पाय अडला. पिढ्यान्पिढ्यांची भीती ती, अशी एका सकाळीत कशी जाईल? ठकूबाईनं तिला हाताला धरून ओढलं नाही. ती तिथेच पायरीवर बसली.

"तू आत गेल्याबिगर मी उठत न्हाई. घाई न्हाई आपल्याला."

ऊन कललं. रांग उभी राहिली. कुणी बसलं नाही, कुणी परत गेलं नाही. आणि मग धुरपदानं उजवा पाय उचलून आत टाकला. त्या क्षणी वारूळ आपोआप ढासळलं आणि वाळवी ओढ्याच्या दिशेनं निघून गेली, ती कारवंडीत पुन्हा कधी दिसली नाही, असं म्हणतात. त्या वर्षी आपट्याची पानं सगळ्यात आधी धुरपदाच्या हातात पडली. तात्यासाहेबांनी दिली. देताना त्यांचा हात तिच्या हाताला लागला, आणि त्यांनी तो पुसला नाही.

ठकूबाई पुढे पुष्कळ वर्षं जगली. थकल्यावर तिनं किल्ली धुरपदाकडे दिली, आणि पाटीवरचं नाव मात्र बदलू दिलं नाही. तेच बरोबर आहे, ती म्हणायची, आपण त्याच्यासारखं व्हायचं.

आजही कारवंडीत दसऱ्याच्या आठवडाभर आधी वाचनालयाचं कपाट रिकामं करतात आणि सगळी पुस्तकं वस्तीत नेऊन ठेवतात. दसऱ्याच्या सकाळी वाचनालयाचे अध्यक्ष, मग ते कुणीही असोत, रिकाम्या हातांनी आणि अनवाणी वस्तीत जातात आणि पुस्तकं मागतात. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई त्यांना विचारते, "पानी शिंपडणार का?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं 'नाही' म्हणायचं, की मग पुस्तकं उठतात.

मध्यंतरी एक नवे अध्यक्ष आले होते. चांगले शिकलेले. त्यांना हे सगळं जरा जुनाट वाटलं. आता कोण पाणी शिंपडतंय, असं म्हणत हसत हसत ते गेले आणि म्हातारीनं विचारल्यावर खाली बघून हळूच 'नाही' पुटपुटले.

म्हातारी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून बसली होती. तिनं हात काढला नाही.

"ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली.