न प्यालेला तिसरा पेला

फार फार मागची गोष्ट. एका नदीवर दोन राज्यं होती. एक वर डोंगरात, एक खाली सपाटीला. खालच्या राज्यात दहा गावांचा एक देशमुख होता. लोक त्याला आबा म्हणत.

आबा माणूस भला. कुठं भांडण झालं की तो दोन्ही घरी जायचा, दोघांचं ऐकून घ्यायचा आणि समोर जे येईल ते पिऊन टाकायचा. ताक म्हणा, पन्हं म्हणा, कढी म्हणा. एका सकाळी तो अकरा घरचं ताक प्याला आणि मग दोन दिवस पोट धरून बसला.

बायको म्हणाली, "नको म्हणायला तोंड नाही का तुम्हाला?"

"अगं, ठेवलेलं तसंच सोडलं तर घरचं माणूस दुखावतं. दुखावलं की तुटतं," आबा म्हणाला.

असं करत करत दहा गावांत त्याचं एकही माणूस तुटलं नाही. ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजानं त्याला बोलावलं.

"देशमुख, वरच्या राज्यात नदीला बांध घालायचं चाललंय. आमचे वकील म्हणून तुम्ही जा आणि करार करून या. बाकी काही कमीजास्त झालं तर झालं, पण उन्हाळ्यात आपल्याला पाणी मिळालं पाहिजे."

आबाला काळजी पडली. त्याची दहाही गावं नदीकाठचीच. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की बायका त्याच नदीवर घागरी घेऊन जायच्या. पण राजाला नाही कसं म्हणायचं? तो हो म्हणाला. सोबत एक म्हातारा चिटणीस घेतला आणि निघाला.

वरच्या राज्याचा दरबार बघून आबा गोंधळूनच गेला. गावाकडं माणसं ओरडायची, हातवारे करायची. कोण कशानं चिडलंय ते लगेच कळायचं. इथं कुणी ओरडत नव्हतं. सगळे हसून बोलत. ज्याला नको होतं तोही हसायचा आणि ज्याला हवं होतं तोही हसायचा. आता यातून ओळखायचं काय?

पहिल्या दिवशी एक वाचणारा उभा राहिला आणि त्यानं कराराचं पहिलं कलम वाचलं. शब्द ऐकल्यासारखे वाटत होते, पण ते ओळीनं लागले की अर्थ कुठल्या कुठं जायचा. वाचून झालं तसा आबासमोर चांदीचा पेला आला. आत वाळ्याचं गार सरबत. सगळे त्याच्याकडं बघत होते. आबानं सवयीनं पेला उचलला, पिऊन टाकला आणि वर म्हणाला, "छान आहे."

दरबारातल्या लोकांनी माना डोलावल्या. म्हणून आबानंही डोलावली.

मुक्कामावर आल्यावर त्यानं चिटणिसाला विचारलं, "काय वाचलं हो त्यांनी?"

"मी सरकारांनाच विचारणार होतो," चिटणीस म्हणाला.

"मग दरबारात विचारायचं का?"

"छे छे. एवढ्या मोठ्या राजाचा वकील, आणि त्याला कळत नाही? लाज जाईल सरकार. गप बसलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी दुसरं कलम वाचलं. पुन्हा पेला आला, आबा पुन्हा प्याला. त्या दिवशी समुद्राकडच्या राज्याचाही एक वकील आला होता. त्याचं कलम वाचून झालं, त्याच्यापुढं पेला ठेवला, पण त्यानं तो हातातसुद्धा घेतला नाही. आबाला वाटलं, आता राजा रागावणार. तर झालं भलतंच. वाचणारा त्याच्याजवळ गेला, हळूहळू समजावून सांगू लागला आणि कागदावरच्या दोन ओळी खोडल्या. राजानं त्याला जवळ बसवून घेतलं.

मुक्कामी आबाला चैन पडेना. "त्यानं पेल्याला हात लावला नाही, तरी त्याला मान. मी दोन पेले संपवले, तर माझ्याकडं कुणी बघेना. हे काय आहे?"

"तो मोठ्या घरचा असेल," चिटणीस म्हणाला. "उद्या तिसरं कलम झालं की शालजोडी मिळते म्हणतात. उगीच आता काही काढू नका."

तिसरा दिवस उजाडला. वाचणाऱ्यानं वाचलं, "ग्रीष्मकाळी ऊर्ध्वभूमीची तृप्ती झाल्यावाचून अधोगामी प्रवाहास मोकळीक नसावी."

ग्रीष्म म्हणजे उन्हाळा, एवढं आबाला कळलं. बाकी काही नाही. पेला समोर आला. त्यानं तो उचलला, ओठापर्यंत नेला. मागून चिटणीस पुटपुटला, "प्या सरकार, प्या, सगळे बघतायत."

आबानं पेला खाली ठेवला. कान तापले होते, तरी तो उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, मला यातलं काही कळलं नाही. आणि हा पेला प्यायचा म्हणजे काय, तेही मला ठाऊक नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. वाचणारा म्हणाला, "पेला प्याला म्हणजे कलम मान्य. ठेवला म्हणजे बोलायचं आहे. एवढंही तुमच्या राजानं सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही," आबा म्हणाला.

वरचा राजा पुढं झुकला. "मग आधीचे दोन काय समजून प्यालात?"

"समोर ठेवले म्हणून प्यालो. आमच्याकडं ठेवलेलं सोडत नाहीत."

राजा हसला नाही. "प्यालेला पेला परत घेता येत नाही, देशमुख. बांध होणार आणि हिवाळ्याचं पाणी निम्मं आमच्याकडं राहणार. ती दोन कलमं ठरली. तिसऱ्याचं बोला."

आबाच्या आता ध्यानात आलं. बांधाला हो म्हणून बसलो, हिवाळ्याचं निम्मं पाणी गेलं, आणि आपण त्याला छान म्हणालो. मग मन घट्ट करून तो वाचणाऱ्याला म्हणाला, "आता सावकाश सांगा. आमच्या बायाबापड्यांना कळेल असं."

"उन्हाळ्यात आधी वरची शेतं भिजतील, मग खाली पाणी सुटेल."

"म्हणजे? वरची शेतं भिजली असं कधी म्हणायचं?"

"सगळी भिजली की."

"म्हणजे कधी?"

वाचणाऱ्याचा आवाज खाली आला. "पहिला पाऊस पडल्यावर."

राजानं कागद मागून घेतला आणि ते कलम स्वतः वाचलं. "असं लिहिलंय होय यात? मीही मानच डोलावली होती," तो म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातानं ते कलम खोडलं आणि साधं सरळ लिहून घेतलं, की उन्हाळाभर बांधाचा एक दरवाजा रोज उघडा राहील.

ते ऐकून मगच आबा सरबत प्याला. शालजोडी काही कुणी दिली नाही.

वाटेत चिटणीस म्हणाला, "गावात सांगू, वरचा राजा फार हट्टी निघाला. आपण म्हणून एवढं तरी आणलं."

पण दहा गावांची माणसं जमली तेव्हा आबानं झालं तसं सांगितलं. "उन्हाळ्याची धार चालू राहील. हिवाळ्याचं पाणी मात्र निम्मं झालं. ते माझ्यामुळं. दोन दिवस मला कळत नव्हतं आणि मी विचारलं नाही."

लोकांना हसावं की रडावं कळेना. कुणी म्हणालं, बरं झालं खरं सांगितलं. कुणी म्हणालं, याला पाठवलंच कशाला. बांध उभा राहिला. त्या हिवाळ्यात पाण्याअभावी निम्मा हरभरा पेरताच आला नाही, आणि ज्यांची रानं मोकळी राहिली त्यांनी आबाशी बोलणं सोडलं. त्याची माणसं पहिल्यांदाच तुटली.

चैत्र आला, विहिरी आटल्या. आबा नदीवर गेला. घोटाभर पाणी वाहत होतं. आपण जिंकलो की हरलो, हे त्याला अजून उमगत नव्हतं. तो तसाच बघत उभा राहिला.

मागून एक म्हातारी घागर घेऊन आली आणि म्हणाली, "आबा, जरा सरका बाजूला. मला पाणी भरायचंय."

तात्पर्य एवढंच, लेकरांनो: जे कळलं नाही त्याला मान डोलावू नये. 'मला कळलं नाही' म्हणताना वाटणारी लाज घटकाभराची असते. न कळता डोलावलेली मान मात्र आपल्यामागच्या सगळ्यांना भोगावी लागते.