महाजाळाचं दुसरं टोक

नदीच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. अलीकडची गुरं चोरून चोर पलीकडे पसार होत आणि पलीकडची चोरून अलीकडे दडत. अखेर घाटावरचा चौकीदार येसू भोई पलीकडच्या चौकीशी बोलला. चोर दिसताच एकमेकांना निरोप धाडायचा, असं ठरलं.

सरदार हैबतरावांनी येसूला राजासमोर उभं केलं. "परक्यांना निरोप म्हणजे फितुरी! याला हद्दपार करा, महाराज. सरहद्द राखायला माझे शिपाई समर्थ आहेत."

येसू म्हणाला, "सरदारांनी आपल्याच शिपायांकडून नदीत महाजाळ ओढून दाखवावं. एक जरी मासा आला, तर मी आपणहून चालता होईन."

राजासह सगळे घाटावर आले. हैबतरावांनी शंभर शिपायांच्या हाती जाळ्याचं एक टोक दिलं. जाळं प्रवाहाबरोबर वाहत काठाला येऊन चिकटलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. सरदार कावले, "अरे शहाण्या, दुसरं टोक पलीकडच्या काठावर कुणी धरल्याशिवाय मासा अडेल कसा?"

"पण सरकार, पलीकडे हाक मारली तर फितुरी होईल ना?"

राजा खदखदून हसला. "हैबतराव, आता हाक तुम्हीच मारा!"

सरदारांनी मान खाली घालून हाक मारली. पलीकडून लगेच उत्तर आलं, "आलो, येसूदादा!"