हरिणीच्या गळ्यातली घंटा

माळांना कुंपणं नव्हती तेव्हाची गोष्ट. धर्मा गुराख्याला हरिणीचं एक पोरकं पाडस सापडलं. त्याने ते मोरी गाईच्या दुधावर वाढवलं आणि हरवू नये म्हणून गुरांसारखी त्याच्याही गळ्यात पितळी घंटा बांधली.

पाडसाची हरिणी झाली. एके दिवशी तिला माळावर हरणांचा कळप दिसला. ती त्यांच्याकडे धावली, तशी घंटा वाजली आणि कळप उधळला. पुढचे चार दिवस तेच झालं.

"मोरीमाय, मी त्यांच्यातलीच ना?"

"दिसतेस तर तशीच," मोरी रवंथ करत म्हणाली. "पण जातेस वरातीसारखी वाजत. कोण थांबेल?"

"मग घंटा काढ माझी."

"मला हात असते तर आधी माझी नसती का काढली, बाई?"

"धर्माला सांगू?"

"सांग. तो म्हणेल, भूक लागली वाटतं."

दुसऱ्या दिवशी कळप येण्याआधीच हरिणी बोरीखाली जाऊन उभी राहिली. कानावर माशी बसली, तरी तिने मान हलवली नाही. कळप आला आणि चरत चरत तिच्याभोवती पसरला. एका पाडसाने तिचा खांदा हुंगला.

"तू चरत का नाहीस?"

उत्तर द्यायला मान जराशी हलली असती, तरी घंटा वाजली असती.

"आई, ही बोलतच नाही," असं म्हणत पाडस निघून गेलं. त्याच्यामागून कळपही टेकडीपलीकडे गेला.

मग हरिणीने मान खाली घातली. घंटा वाजली, आणि लांबून मोरीने हंबरून ओ दिली.