ओढ्यापलीकडच्या घुशी

"मग अक्का, ही अहिंसा म्हणायची की नाही?"

हेब्बाळकर मास्तरांनी हातातला पिंजरा मठाच्या पायरीशी ठेवला. आत मांजराच्या पिल्लाएवढी घूस अंग फुगवून, कोपऱ्याला चिकटून बसली होती.

गौराक्का तांदूळ निवडत होत्या. ऐंशीच्या घरातलं वय, अंगावर पांढरं लुगडं. गडहिंग्लजकडच्या त्या लहानशा मठात त्या एकट्याच राहत. मास्तर निवृत्त झाल्यापासून दर सोमवारी त्यांच्यापाशी येऊन बसत.

"आमच्या गल्लीत सगळे विष घालतात," मास्तर म्हणाले. "माझ्या तर न्हाणीघराची फरशी खचली, पाया पोखरला. पण तुम्हांला शब्द दिला, त्या दिवसापासून एक मारली नाही. जिवंत धरायची, ओढ्यापलीकडं न्यायची, सोडायची. ही सव्विसावी."

अक्का खडे वेचत राहिल्या.

"अक्का...?"

"सोडल्यावर कुठं जाते ती?"

"कुठं म्हणजे... रानात. मोकळी."

"बघितलंय तुम्ही?"

मास्तरांना हसू आलं. त्यात बघायचं काय? बाभळींपाशी स्कूटर थांबवायची, दार उघडायचं, परत फिरायचं.

अक्कांनी सूप बाजूला सारलं. काठी घेतली.

"चला. बघू."

ऊन चांगलंच वर आलं होतं. पिंजरा सांभाळत मास्तर पुढं, काठी टेकत अक्का मागं. ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडं बाभळींची दाट रांग, आणि तिच्यापुढं मास्तर कधी गेलेच नव्हते.

त्यांनी पिंजऱ्याचं दार उचललं.

घूस क्षणभर घुटमळली. मग बांधाच्या कडेकडेनं सुटली ती बाभळींतून आरपार. अक्का काटे बाजूला सारत तिच्या मागं निघाल्या. मास्तरांना जावंच लागलं.

बाभळींच्या पलीकडं एक घर होतं.

मातीच्या भिंतींचं, वर पत्रा. एक भिंत बुडातून बसली होती, तिला बांबूचा टेका दिला होता. जोत्याभोवती ताज्या मातीचे ढीगच ढीग. त्यातल्याच एका बिळात घूस शिरली आणि दिसेनाशी झाली.

दारात एक बाई बांबूच्या कामट्यांची बुट्टी विणत बसली होती. अक्कांना पाहून ती गडबडून उठली.

"अगोबाई, मठातल्या अक्का! आमच्या दारात?" मग तिची नजर पिंजऱ्यावर गेली. "आणि हे... घुशी धराय आलायसा व्हय? देवच पावला म्हणायचं!"

मास्तरांनी पिंजरा पाठीमागं धरला.

तिचं नाव तायव्वा. बुट्ट्या विणून पोट भरायची. ती सांगत सुटली. "आदी एक न्हवती हो. दोन वर्सं झाली, कुठनं येत्यात कळंना. जोंधळा ठेवला तर पोतं फाडत्यात. भित बसली. आता तर..."

ती थांबली. मग दोघांना आत घेऊन गेली.

आत तिची लेक बाळंतीण होती. लेकीच्या मांडीवर सव्वा महिन्याचं मूल निजलं होतं. त्याच्या टाचेला पट्टी होती.

"चावली," लेक हळूच म्हणाली. "दवाखान्यात सुया दिल्या. आता आम्ही पाळीपाळीनं जागतो. एकीनं निजायचं, एकीनं बसायचं."

मास्तर त्या एवढ्याशा टाचेकडं बघत राहिले. पिंजरा अजून त्यांच्या हातातच होता. त्यांनी अक्कांकडं पाहिलं.

"तायव्वा..." मास्तरांनी पिंजरा खाली ठेवला. "मीच सोडतो त्या. माझ्या घरातल्या. इथं... या बाभळींपाशी."

मूल झोपेत हुंकारलं.

"तुमी व्हय..." तायव्वा म्हणाली. मग खाली वाकून तिनं बाळाचं पांघरूण सारखं केलं. "बाभळीआड घर हाय, ते कुणाला ठावं असतंय, मास्तर?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते सिमेंटची गोणी आणि बादलीभर फुटक्या काचा घेऊन आले. घूस बाहेर पडली की तिच्या बिळात काचा ठासायच्या, वर सिमेंट लिंपायचं. हातांना फोड आले. धान्यासाठी घरचा लोखंडी डबा आणून दिला. बसलेली भिंत गवंडी बोलावून दगडात बांधून घेतली, त्याच्या हाताखाली स्वतः दगड वाहिले. पिंजरा तायव्वाच्या दारात लावला. त्यात सापडलेली एकेक घूस ते लांबच्या डोंगरात नेऊ लागले. आधी तिथं भोवताली हिंडून, कुठं घर नाही ना हे बघूनच दार उघडू लागले. मग स्वतःच्या घराचीही बिळं बुजवली, मागच्या दारी शिळंपाकं टाकणं बंद केलं. एवढ्या दिवसांत हे त्यांना सुचलं नव्हतं.

अक्का रोज येत. माती मळून देत, बाळ मांडीवर घेऊन बसत. टाच भरून आली. दोघी मायलेकी एका वेळी झोपू लागल्या.

शेवटचा गिलावा झाला त्या दिवशी मास्तर हात धुऊन अक्कांच्या शेजारी दगडावर बसले. किती तरी दिवस मनात घोळत होतं ते त्यांनी विचारलं.

"अक्का, तुम्हांला सगळं ठाऊक होतं. मग आधीच का नाही सांगितलंत?"

अक्का ओढ्याच्या दिशेनं बघत होत्या. बाभळींच्या शेंड्यांवर, टेकाडावरच्या मठाचा चुना दिलेला कळस उन्हात झळकत होता.

"मला तरी कुठं ठाऊक होतं? इथून माझा मठ दिसतो, मास्तर," त्या म्हणाल्या. "मठातून हे घर दिसत नाही."