तीन मजल्यांचे जहाज

सोनखाडीच्या सरदार रायाजीरावांना समुद्रावर मिरवायला तीन मजली, संगमरवरी जहाज हवे होते. वर एवढा भार चढवला तर ते पहिल्याच वादळात कलंडेल, हे जहाज बांधणाऱ्या धाकू मेस्त्रीला कळत होते. पण नाही म्हणावे, तर गाव सोडायची पाळी.

"आधी खाडीची खोली तरी बघू या, सरकार," म्हणत त्याने सरदारांना आपल्या होडीत बसवले आणि मध्यावर पोचताच स्वतः ताडकन उभा राहिला. होडी डुलू लागली.

"अरे, बस खाली! बुडवतोस की काय?" सरदार ओरडले.

धाकू मुकाट्याने बसला. "मी हुकूम ऐकला, सरकार. पण भर समुद्रात त्या तीन मजल्यांना 'बसा खाली' असं कोण सांगणार?"

होडीची कड घट्ट धरूनच सरदार खो खो हसले. "एकच मजला बांध," ते म्हणाले, "आणि तोही लाकडाचा!"