ठिगळं उसवणारा सरदार

पुष्कळ जुनी गोष्ट आहे, मंडळी. इतकी जुनी की ते राज्य नेमकं कुठे होतं हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण असले उद्योग मोठेच करतात.

त्या राज्यात एक सरदार होता. एका खिंडीत मोठी लढाई झाली, त्या दिवशी नेमकं त्याचं पोट दुखत होतं. म्हणून तो घरी राहिला. लढाई संपली, पोटदुखीही थांबली, आणि मग या गृहस्थाला शूरवीरांचं वेड लागलं.

खिंडीत जे शिपाई पडले त्यांचे डगले गोळा करून राजाच्या कोठारात ठेवले होते. सरदाराने ती सगळी गाठोडी मागून आणली. तीनशे डगले! हवेलीच्या लांब दालनात त्याने ते खुंट्यांवर टांगले. मग फौजेची यादी मिळवली आणि एकेका डगल्यावर एकेका शिपायाच्या नावाची चिठ्ठी टाचली. कोणता डगला कोणाचा हे त्याला कसं कळलं, असं विचाराल तर कळलं नाहीच. यादीत नाव होतं, खुंटीवर डगला होता, लावली चिठ्ठी.

इथवरही आपण सोडून दिलं असतं. माणसाला छंद असतात. पण हा बाबा तेवढ्यावर थांबला नाही.

डगले शिपायांचे होते. कोणाच्या कोपरावर आईच्या लुगड्याचा तुकडा, कोणाच्या काखेत बायकोने घातलेले जाडेभरडे टाके, कोणाला बंदाऐवजी नुसती सुतळी. सरदाराला ते बघवेना. त्याने शिंप्याला बोलावलं.

"ही ठिगळं काढून टाक. शूराच्या अंगावर ठिगळ शोभतं का?"

शिंपी वयाने म्हातारा आणि हाताने वाकबगार होता. तो म्हणाला, "सरकार, ठिगळाखाली भोक आहे."

"मग भोकावर जरीचं कापड लाव."

"लावीन. पण ज्याचा डगला असेल त्याच्या घरचं माणूस उद्या आलं, तर ते ओळखणार कशावरून?"

"चिठ्ठी आहे ना नावाची! वाचता येत नाही का तुला?"

शिंप्याने कपाळावर हात मारला. आपणही मारून घ्यावा. पुढचे सहा महिने तो बिचारा उसवत बसला आणि निघालेली ठिगळं न्हाणीच्या चुलीत जात राहिली. डगले मात्र असे झकास दिसू लागले की राजाचे पाहुणेसुद्धा मुद्दाम पाहायला येत आणि सरदाराची पाठ थोपटून जात.

एक दिवस दाराशी एक म्हातारी आली. डोंगरापलीकडच्या गावाहून दोन दिवस चालत आली होती. त्या गावातले दहा जण लढाईला गेले होते आणि दहातला एकही परतला नव्हता. गावाने त्यांच्यासाठी वीरगळ घडवून घेतले होते, म्हणजे शूराच्या नावाने उभे करायचे कोरीव दगड. नऊ दगडांबद्दल वाद नव्हता. दहावा होता खेमाजीचा, या म्हातारीच्या मुलाचा. लढाईच्या आधी खेमाजीला घाट उतरून माघारी जाताना पाहिलं, असं कुणीतरी बोलून गेलं होतं. झालं! पाटलाने सांगितलं होतं, "तो खिंडीत पडल्याची खूण आण, दगड उभा करतो. पळपुट्याला आम्ही या रांगेत बसवणार नाही." दगड पाथरवटाच्या अंगणात पडून होता आणि बाकीचे उभे करायला आठच दिवस उरले होते.

सरदाराला तर आनंदच झाला. "खेमाजी? आहे की! चला, दाखवतो." त्याने तिला दालनात नेलं आणि एका डगल्यासमोर उभं केलं. चिठ्ठीवर नाव होतं खेमाजीचं. डगला होता हा एवढा, खांदे दरवाजासारखे रुंद.

म्हातारीने तो वरखाली पाहिला. "ह्यो माझ्या लेकाचा न्हाई, सरकार. ह्यात माझी दोन पोरं मावली असती."

"चिठ्ठी तर लावलीय!"

"चिठ्ठी कुनी लावली?"

सरदार चिठ्ठीची टाचणी नीट करू लागला.

"असू द्या," म्हातारी म्हणाली. "मी वळखते. निघायच्या दिशी बाभळीच्या काट्यानं त्याची डावी काख फाटली व्हती. मी माझ्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं. मी डावखुरी, माझा टाका तिरका पडतो. हज्जार डगल्यांत सांगन."

आणि ती शोधायला लागली. एकेक डगला खाली घ्यायची, डावी काख उलटी करायची. पहिल्यात जरीचं कापड. दुसऱ्यात जरीचं. पन्नासाव्यात जरीचं. शंभराव्यात जरीचं. शिंपी कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहराला तीनशे डगले संपले. तेव्हा तिने विचारलं, "सरकार, ठिगळं कुठायत?"

आता काय सांगणार! सरदाराने सांगितलं.

म्हातारी खाली बसली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर ऐकणाऱ्याला जरा बरं तरी वाटलं असतं. मग सरदाराला एक अक्कल सुचली. ती सुचली नसती तर बरं झालं असतं.

"हे बघा आजी, यातला कोणताही घेऊन जा. हा घ्या, बारीक अंगाचा आहे. खेमाजीचाच आहे असं मी लिहून देतो."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "त्यो दुसऱ्या कुनाच्या लेकाचा हाय, सरकार. ती बाई बी येईल हुडकत. तिला काय सांगू, तुझा पोरगा मी नेला?"

ती आली तशी रिकाम्या हाताने गेली.

ठरल्या दिवशी गावात वीरगळ उभे राहिले. शूरांची कदर करणारा म्हणून सरदाराची कीर्ती होतीच, म्हणून दगडांना शेंदूर लावायचा मान गावाने त्यालाच दिला होता. नऊ दगड उभे होते. दहाव्यासाठी खड्डा खणलेला होता. लोकांच्या मागे, एका बाजूला, म्हातारी बसली होती.

सरदाराच्या हातातली शेंदराची वाटी हातातच राहिली. तो म्हणाला, "पाटील, खेमाजीचा पुरावा माझ्याकडे होता. मी तो उसवून चुलीत घातला."

पाटील चटकन पुढे आला. "म्हणजे खेमाजी खिंडीतच पडला?"

सरदाराने तोंड उघडलं. हो म्हणावं असं त्याला फार वाटलं असेल. पण म्हातारी त्याच्याकडे पाहत होती. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "त्या ठिगळांत त्याचं होतं की नाही, आता कुणालाच कळणार नाही."

पाटलाने खड्डा बुजवायला सांगितलं. फावड्याने माती पडू लागली तशी म्हातारी उठली आणि घराकडे निघाली.

सरदार घरी आला आणि त्याने स्वतःच्या हाताने सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. त्याला एक दुपार पुरली. ठिगळं परत लावायला सात जन्मही पुरले नसते. पुढे दूरदूरच्या गावांहून बाया येत राहिल्या. कुणी सुतळीचा बंद शोधत होती, तर कुणी निखाऱ्याने जळालेली बाही. सरदार प्रत्येकीला दारातच तेच सांगे, आणि ती जरीच्या डगल्यांकडे ढुंकूनही न पाहता परत जाई.

म्हणून सांगतो, ज्याची आठवण जपायची, त्याला सजवू नये. तो होता तसाच राहू द्यावा.